तिसऱ्या खांबापर्यंतचं वाय-फाय

परतीचा पाऊस सकाळपासून हटायला तयार नाही. सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत घोट्याएवढं पाणी साचलंय आणि रविवारचं क्रिकेट बुडालंय. सगळी मुलं पार्किंगमध्ये उतरली आहेत. पुण्यात सिंहगड रस्त्याला लागून असलेली ही तीन विंगची सोसायटी. मी बहिणीकडे आले आहे आणि तिची दोन्ही मुलं खाली आहेत म्हणून मीही एक लाल प्लास्टिकची खुर्ची ओढून खाली बसले आहे. समोर नवरात्राचा मांडव आहे. देवीपुढची समई शांत तेवते आहे, स्पीकर अजून बंद आहेत.

पार्किंग मोठं आहे, पण मुलं मात्र मधल्या रांगेतल्या तिसऱ्या खांबाला चिकटून बसली आहेत. पहिल्या मजल्यावरच्या एका घराचं वाय-फाय या खांबापर्यंत पोचतं आणि पुढे तुटतं. पासवर्ड त्या घरातल्या मुलानेच वाटला आहे. त्याच्या आईला ते ठाऊक आहे, तिची अट एकच: तिचा ऑफिसचा कॉल चालू असेल तेव्हा सगळ्यांनी बंद करायचं. आज रविवार, त्यामुळे ती अडचण नाही. चौथ्या खांबाशी भरपूर कोरडी जागा आहे, तिथे कोणीही नाही.

खांबाच्या या अंगाला तेरा-चौदा वर्षांचे तीन मुलगे आहेत. एक चष्मेवाला, एक पिवळ्या टी-शर्टातला आणि एक दोघांपेक्षा वीतभर उंच. तिघांच्या हातात फोन आडवे धरलेले. खेळ बीजीएमआय, म्हणजे पूर्वीचं पबजी. चौघांचं स्क्वाड लागतं आणि यांचा चौथा गडी हैदराबादला आहे. मे महिन्यात त्याच्या वडिलांची बदली झाली, सी विंगमधून टेम्पो भरून सामान गेलं. त्याचा आवाज आत्ता चष्मेवाल्याच्या फोनमधून येतोय, आणि त्या आवाजामागे त्यांच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या.

"उतरायचं कुठे?"

"पोचिंकी."

"नको रे, तिथे सगळेच उतरतात. गेल्या वेळी दोन मिनिटांत गेलो आपण."

"मग जॉर्जोपोल. लूट चांगली आहे."

"आणि झोन लांब पडला तर? पळत बसायचं?"

विमान खेळातल्या बेटावरून पुढे सरकतंय, शंभर खेळाडू त्यात आहेत, आणि या चौघांना अर्ध्या मिनिटात एकमत करायचं आहे. उंच मुलगा मोठ्याने बोलतो म्हणून त्याचंच खरं होईल असं मला वाटतं. पण पिवळा टी-शर्ट हात वर करून सगळ्यांना थांबवतो. "आज त्याचा टर्न आहे," हैदराबादकडे म्हणजे फोनकडे बोट दाखवून तो म्हणतो. "तो सांगेल." हा नियम खेळात कुठेही लिहिलेला नाही. चौघांनी तो आपसांत ठरवला आहे: प्रत्येक डावात एकाचं ऐकायचं, बाकीच्यांनी कुरकुर डाव संपल्यावर करायची. हैदराबादचा गडी पोचिंकीच म्हणतो. उंच मुलगा कपाळावर हात मारून घेतो आणि तिथेच उडी घेतो.

खांबाच्या पलीकडच्या अंगाला माइनक्राफ्ट चालू आहे. माझी अकरा वर्षांची भाची, तिची बी विंगमधली मैत्रीण आणि माझा सात वर्षांचा भाचा. मुलींकडे आयांचे फोन आहेत, भाच्याकडे घरातला जुना टॅब. तिघं एकाच जगात आहेत. टेकडीवर दगडी घर आहे, त्याला गच्ची आहे, शेजारी कुंपण घातलेली मेंढ्यांची जागा आहे. या जगात वीस मिनिटांत एक दिवस-रात्र उलटते. रात्री राक्षस बाहेर पडतात. रात्र टाळायची तर बिछान्यात जाऊन झोपायचं, मग लगेच सकाळ होते. पण त्यासाठी त्या जगात असलेल्या सगळ्यांनी झोपावं लागतं. एक जण जरी जागा राहिला तरी रात्र सगळ्यांनाच काढावी लागते.

"झोप ना रे!" भाची.

"मला गुहेत जायचंय."

"सकाळी जा. आधी झोप."

"मला रात्रीच जायचंय."

ज्याने हा नियम केला त्याला लहान भावंडांची पुरती ओळख असणार. माझी भाची आता ओरडत नाही. आवाज खाली आणते, "सकाळी मी तुझ्याबरोबर गुहेत येते, मशाली माझ्या," असा सौदा करते. भाचा विचार करतो. "किती मशाली?" दहा ठरतात. तिघंही झोपतात. पडद्यावर ऊन पडतं. घरी याच भाच्याला झोपवायला माझ्या बहिणीला रोज किती वेळ लागतो ते मी पाहिलं आहे, आणि तिथे असा सौदा करायला कोणी थांबत नाही.

मुलग्यांच्या बाजूने एकदम कल्ला होतो. "नॉक झालो रे, नॉक!" पिवळ्या टी-शर्टाचा खेळाडू गुडघ्यांवर रांगतोय. त्याच्या आयुष्याची पट्टी हळूहळू रिकामी होते आहे. या खेळात गोळी लागली की स्क्वाडमधला माणूस लगेच मरत नाही. कोणी तरी त्याच्याजवळ जाऊन, हत्यार बाजूला ठेवून, आठ-दहा सेकंद एका जागी थांबलं तर तो पुन्हा उभा राहतो. मात्र त्या आठ-दहा सेकंदांत वाचवणारा स्वतः उघड्यावर असतो.

"सोड मला, तुम्ही पळा."

"गप रे. स्मोक टाकतो, थांब."

चष्मेवाला धुराचा बाँब टाकतो आणि धुरात शिरतो. उंच मुलगा खिडकीतून कव्हर देतोय, हैदराबादचा गडी शत्रू कोणत्या दिशेला आहे ते ओरडून सांगतोय. मी खुर्ची सोडून जवळ गेले आहे. पिवळा टी-शर्ट उभा राहतो. कोणी कोणाला थँक्यू म्हणत नाही. चष्मेवाला फक्त खांद्याने त्याच्या खांद्याला धक्का देतो, फोनवरची नजर न काढता.

हा खेळ बंदुकांचा आहे आणि मला तो आवडत नाही. ही आवड-नावड मी सोडणार नाही. तेरा वर्षांच्या मुलाच्या करमणुकीत इतक्या गोळ्या का असाव्यात, हा प्रश्न माझ्यापुरता मिटलेला नाही. पण त्या धुरात जाणं मी आत्ता डोळ्यांनी पाहिलं आहे आणि तेही मला नाकारता येत नाही.

या तिघांच्या मागे, खांबाला पाठ टेकून, एक मुलगा उभा आहे. वॉचमनकाकांचा मुलगा. पंपाशेजारच्या खोलीत राहतो, महापालिकेच्या शाळेत सहावीत आहे, गाव आटपाडीकडचं. त्याच्याकडे फोन नाही. घरात एक आहे तो वडिलांचा, आणि त्याची काच तडकलेली. पण खेळ त्याला या तिघांपेक्षा जास्त दिसतो. "दादा, डावीकडं, झाडामागं," तो म्हणतो, आणि दुसऱ्याच क्षणी खरोखरच झाडामागून कोणी तरी निघतं. तीन पडदे तो एकाच वेळी वाचतोय. खेळणाऱ्याला स्वतःचाच पडदा दिसतो, याला सगळ्यांचे. त्यामुळे त्याचं ऐकायची सवय तिघांनाही लागली आहे. "मागे कोण आहे का रे?" असं ते मान न वळवता विचारतात आणि "न्हाई" आलं की पुढे जातात.

मिल्ड्रेड पार्टन नावाच्या अमेरिकन संशोधिकेने बालवाडीतल्या मुलांचं खेळणं तासन्‌तास पाहून १९३२ साली त्याचे प्रकार मांडले. एकट्याने खेळणं, शेजारी बसून आपापलं खेळणं, मिसळून खेळणं, एकत्र येऊन ठरवून खेळणं. त्यात तिने एक जागा बघ्यालाही दिली: जो खेळात नाही, पण खेळणाऱ्यांशी बोलतो, सुचवतो, विचारतो, आणि तिथून हलत नाही. बालमानसशास्त्राच्या पुस्तकांत ही यादी आजही असते. पार्टनची मुलं दोन ते पाच वर्षांची होती, त्यांच्यासमोर वाळू आणि ठोकळे होते. पण हा आटपाडीचा मुलगा तिच्या त्या बघ्याच्या जागेवर नेमका उभा आहे. तो तिथे वयामुळे नाही. बारा-पंधरा हजारांच्या एका वस्तूमुळे आहे.

वरून हाक येते. "अरे, दळण आणायचंय! गिरणी पाचला बंद होते, मी किती वेळा सांगू?" पिवळ्या टी-शर्टाची आई गॅलरीत उभी आहे, हातात डबा. मुलगा तोंड वाकडं करतो. अजून तीस-पस्तीस जण जिवंत आहेत, डाव मध्यावर आहे. तो इकडे तिकडे बघतो आणि फोन मागे धरतो. "घे. मरू देऊ नकोस. बॅगेत दोन फर्स्ट एड आहेत, वापर."

वॉचमनकाकांचा मुलगा हात पॅन्टला पुसतो आणि मगच फोन घेतो.

तो खेळतो तेव्हा एकदम गप्प होतो. इतका वेळ सगळं सांगणारा मुलगा आता एक शब्द बोलत नाही. घाईने कुठे धावत नाही, भिंतीच्या कडेकडेने जातो, खिडकीशी थांबतो. एकदा उंच मुलगा नॉक होतो तेव्हा हाच सगळ्यांत आधी पोचतो. हैदराबादहून आवाज येतो, "भावा, आज तू काय भारी खेळतोयस! झालं काय तुला?" चष्मेवाला आणि उंच मुलगा एकमेकांकडे बघतात. "तो नाहीये, तो दळण आणायला गेलाय," चष्मेवाला सांगतो. "मग कोण आहे?" चष्मेवाला नाव सांगतो. थोडा वेळ फक्त कुकरची शिट्टी ऐकू येते. मग, "अरे, तो! काय रे, कसा आहेस? तुझ्या आईचं ऑपरेशन झालं का?"

"झालं," मुलगा म्हणतो. "आता बरी हाय."

इथल्या दोघांना ऑपरेशनचं काही माहीत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतंय. उंच मुलगा काही तरी विचारायला तोंड उघडतो, पण पडद्यावर झोन, म्हणजे सुरक्षित जागेचं वर्तुळ, आवळत आलाय आणि तिघांनाही पळावं लागतं.

सातव्या क्रमांकावर डाव संपतो. दळणाचा डबा स्कूटरच्या सीटवर टेकवून पिवळा टी-शर्ट फोन परत घेतो, आकडे बघतो, "तीन किल? तू?" असं म्हणून त्याच्या पाठीत एक गुद्दा घालतो. मुलगा हसतो आणि परत खांबाला जाऊन टेकतो.

बी विंगच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर आणखी एक मुलगा आहे. बारा वर्षांचा असेल. कानांवर मोठे हेडफोन, हातात या सगळ्यांपेक्षा चांगला फोन. तोही बीजीएमआयच खेळतोय, पण स्वतःच्या डेटावर आणि अनोळखी माणसांबरोबर. जूनमध्ये हे कुटुंब राहायला आलं. त्याची आई छत्री झटकत आत येते, माझा चेहरा बहिणीसारखाच आहे म्हणून मला ओळखते, आणि दोन वाक्यांत मनातलं बोलते. "ताई, बघा ना. चार महिने झाले, एक मित्र नाही. कोणाशी बोलतच नाही. हा फोन हातात दिला तीच चूक झाली. ॲडिक्शन म्हणतात ते हेच ना?"

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आवृत्तीत, गेमिंगचा विकार आहे हे खरं. पण त्याची लक्षणं कडक आहेत. खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळं आयुष्य त्याच्यामागे पडतं, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही, आणि हे साधारण वर्षभर चालतं. मी तिला विचारते, शाळा? जातो. जेवण-झोप? ठीक. अभ्यास? "अभ्यासात चांगला आहे हो." आधीच्या गावी मित्र होते का? ती क्षणभर थांबते. "तिथेही एकच होता."

मग मी तिला नॉर्वेची गोष्ट सांगते. ट्रॉन्डहाइम शहरात संशोधकांनी ८७३ मुलांचा माग सहाव्या वर्षापासून बाराव्या वर्षापर्यंत, दर दोन वर्षांनी घेतला. किती वेळ खेळता हे लहानपणी आईवडिलांना आणि पुढे मुलांनाच विचारलं. मूल इतरांशी कसं वागतं, मिळून काम करतं का, स्वतःला आवरतं का, याची नोंद शिक्षकांनी केली. २०१९ मध्ये निष्कर्ष छापून आले. जास्त खेळणारी मुलं पुढे माणसांत वावरायला कच्ची झाली, असं सरसकट आढळलं नाही. आढळलं ते उलट्या दिशेने: आठव्या-दहाव्या वर्षी जी मुलं माणसांत अडखळत होती, ती पुढच्या दोन वर्षांत जास्त वेळ खेळांकडे वळली. म्हणजे एकटेपणा आधी होता, फोन नंतर आला. अपवाद फक्त दहा वर्षांच्या मुलींचा. त्यांच्यातल्या जास्त खेळणाऱ्या मुली बाराव्या वर्षी थोड्या मागे पडलेल्या दिसल्या. संशोधकांचा तर्क असा की मुलींमध्ये खेळणाऱ्या कमी, म्हणून खेळणारी मुलगी मैत्रिणींपासून तुटते. हे सांगताना माझी नजर खांबापलीकडे माझ्या भाचीकडे जाते. तिची मैत्रीण तिच्या मांडीवर पाय टाकून बसली आहे, आणि मला हायसं वाटतं.

"मग मी काय करू?" ती आई विचारते. तिच्या आवाजात राग नाही, नुसती दमणूक आहे. तास मोजणं सोपं असतं, म्हणून आपण सगळे तास मोजतो. या खेळातही अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे, आणि मुलं आईच्या नंबरवर खातं काढून ती सहज ओलांडतात. पण पायरीवरचा हा मुलगा आणि खांबापाशी बसलेले ते तिघं एकच खेळ, जवळपास तितकाच वेळ खेळतात. फरक आहे तो शेजारी कोण बसलं आहे याचा. तास कमी केले तर तो त्याच पायरीवर हात रिकामे घेऊन बसेल. त्याला कोणी तरी बोलवायला हवं, एवढंच मला म्हणता येतं. ती मान हलवते आणि जिना चढून जाते. जाता जाता त्याच्या केसांवरून हात फिरवते. तो मान बाजूला घेतो.

वरून एक गृहस्थ गाडीची किल्ली शोधत येतात, फोनवर वाकलेली मुलं बघून थांबतात. "सरकारने बंदी घातली ना ऑनलाइन गेमवर?" ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा केला तो पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आणणारा, हे खेळ त्यात येत नाहीत. मी हे सांगेपर्यंत शेजारी बुलेट पुसणारा कॉलेजमधला दादा बोलायला लागतो. त्याला खरी बंदी आठवते. २ सप्टेंबर २०२०, पबजी गेलं. "लॉकडाउन होतं, काका. शाळा बंद, क्लास बंद, खाली उतरायचं नाही. आम्ही सात-आठ जण रोज रात्री पबजीवर भेटायचो. खेळणं कमी, बोलणं जास्त. ते गेलं आणि आम्ही पण पांगलो." पुढे जुलै २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय म्हणून परत आला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा गायब झाला, मे २०२३ मध्ये पुन्हा आला. "पण तोवर दहावी-बारावी आली," दादा म्हणतो. गृहस्थ ऐकून घेतात. त्यांनी हे कधी अशा बाजूने पाहिलं नसावं.

तेवढ्यात पलीकडे स्फोट होतो.

भाच्याने रात्री दार उघडं ठेवलं. गुहेतून परत येताना एक क्रीपर, म्हणजे जवळ येऊन फुटणारा राक्षस, त्याच्यामागून आत आला आणि फुटला. मैत्रिणीच्या खोलीची भिंत गेली, तिने दोन आठवडे जमवलेल्या वस्तूंची पेटी फुटून सगळं विखुरलं, आणि भाच्याचा स्वतःचा बिछानाही गेला. मैत्रीण फोन पालथा ठेवते. "मी नाही खेळत आता. याला घेऊच नको."

भाची मधोमध अडकली आहे. एका बाजूला भाऊ, ज्याचा ओठ थरथरायला लागलाय. दुसऱ्या बाजूला मैत्रीण, जी उद्या शाळेच्या बसमध्ये शेजारी बसायला हवी. मी मध्ये पडायच्या बेतात असते आणि स्वतःला थांबवते.

"तू मुद्दाम केलंस?"

"नाही. तो आपोआप आला."

"पण दार कोणी उघडं ठेवलं?"

"मी."

"मग सॉरी म्हण."

"सॉरी," भाचा टॅबकडे बघून म्हणतो.

"इकडे बघून म्हण," मैत्रीण म्हणते.

तो वर बघतो. म्हणतो. मग भाची निवाडा देते: भिंत त्याने बांधायची, दगड त्याच्या पेटीतले, आणि पुढच्या तीन रात्री दार लावायचं काम त्याचं. मैत्रीण अजून फुगलेली आहे, पण तिने फोन सुलटा केलाय. दोघी खाली वाकून विखुरलेल्या वस्तू वेचायला लागतात. भाचा भिंतीचे चार दगड लावतो, आणि तेवढ्यात आजी त्याला वरून दुधासाठी बोलावते. तो टॅब खुर्चीवर ठेवून पळतो.

मुलग्यांकडे नवा डाव जमतोय. हैदराबादच्या गड्याला जेवायला बोलावलंय, तो उठला आहे. चौथा म्हणून खेळाने कोणी अनोळखी जोडून दिला, तर फोनमधून एका मोठ्या माणसाचा आवाज येतो आणि पहिल्याच वाक्यात आईवरून हिंदी शिवी. "म्यूट कर, म्यूट कर," तिघं एकदम म्हणतात आणि डावातूनच बाहेर पडतात. मुलांना याची सवय असावी याचं मला फार वाईट वाटतं. पायरीवरच्या मुलाच्या हेडफोनमध्ये रोज काय ऐकू येत असेल, ते त्याच्या आईला ऐकू येत नाही.

"चौथा पाहिजे," उंच मुलगा म्हणतो. वॉचमनकाकांचा मुलगा खांबापासून सुटतो, अर्धं पाऊल पुढे येतो. पण आता तिघांचे फोन तिघांच्या हातात आहेत. तोही ते बघतो आणि पाऊल मागे घेतो.

चष्मेवाला जिन्याकडे वळून हाक मारतो. "ए, बी विंग! तुझी टियर काय?"

हेडफोनवाल्याला ऐकू जात नाही. पिवळा टी-शर्ट उठून त्याच्यासमोर जाऊन हात हलवतो. मुलगा एक कान मोकळा करतो.

"टियर?"

"क्राउन."

"खोटं!"

क्राउन हा खेळातला वरचा दर्जा. तो पडदा फिरवून दाखवतो. पिवळा टी-शर्ट शिट्टी वाजवतो. "आयडी दे. ये ना, इथे बस. वाय-फाय आहे."

"इथेच बसतो," मुलगा म्हणतो, पण आयडी सांगतो. तो पायरीवरूनच खेळायला लागतो. तेव्हा एक गंमत होते: त्याचा आवाज आधी जिन्यातून येतो आणि पाठोपाठ चष्मेवाल्याच्या फोनमधून. दहा पावलांवरचा मुलगा दोनदा बोलतोय. नेम त्याचा पक्का आहे. मात्र तो एकटाच पुढे पळतो, सापडलेलं सगळं स्वतःच्या बॅगेत भरतो. उंच मुलाकडे औषध उरलेलं नाही आणि याच्याकडे पाच आहेत.

"अरे, वाटायचं असतं!"

"मला कोणी मागितलंच नाही."

"मागायला कशाला लागतं? नॉक झालेला दिसत नाही का?"

पायरीवर थोडा वेळ शांतता. मग पडद्यावर तो मागे फिरतो, दोन पेट्या जमिनीवर टाकतो. "घे," असं तो म्हणतो, दोन्ही आवाजांत. आई वरून हाक मारते तेव्हा डाव संपलेला असतो. तो उठतो, हेडफोन गळ्यात घालतो, यांच्याकडे न बघता वर निघून जातो. जिन्याच्या वळणावरून त्याचा आवाज येतो, "साडेआठला ऑन आहे मी." कोणाला सांगितलं हे कळत नाही. चष्मेवाला "ओके" म्हणतो.

पलीकडे माइनक्राफ्टमध्ये पुन्हा रात्र झाली आहे. वरून बहीण विचारते, "भोंडल्याला यायचंय ना तुम्हाला? साडेसहाला खिरापत ओळखायची आहे!"

"थांब, रात्र संपू दे," भाची उत्तर देते.

रात्र संपत नाही, कारण खुर्चीवर पडलेल्या टॅबमधला भाचा जागा आहे आणि त्याला बिछाना नाही. "त्याला काढून टाक ना बाहेर," मैत्रीण सुचवते, "मग आपण दोघी झोपू." भाची टॅबकडे हात नेते आणि थांबते. खांबाला टेकलेल्या मुलाकडे बघते.

"ए, तू येतोस? फक्त झोपायचंय."

"मला ह्यो गेम येत न्हाई."

"सोपा आहे. मी सांगते. आधी बिछाना करायचा. तीन फळ्या आहेत पेटीत, आणि तीन लोकर लागते. कुंपणात मेंढ्या आहेत बघ. मारू नकोस हं, कात्रीने काढ."

तो टॅब दोन्ही हातांनी उचलतो आणि मुलींच्या समोर मांडी घालून बसतो. मेंढीपाशी जातो, कात्री चालवतो. एका टिचकीत मेंढी उघडी होते आणि लोकरीचे दोन ठोकळे जमिनीवर पडतात. तो मान वर करतो.

"असं नसतं कातरत."

"मग?"

"आमच्या गावाकडं मेंढरं हायती. चुलत्याची. आदी धुवाय लागतात, नायतर लोकरीत माती ऱ्हाती. मग पाय बांधायचे आन् प्वाटाकडनं सुरू करायचं. कात्री लय मोठी असती, एवढी." तो दोन्ही हात फाकवून दाखवतो. टॅब मांडीवरून घसरतो, मैत्रीण तो पकडते.

"तिला दुखतं का?"

"न्हाई. पर वरडती."

"आणि परत येते लोकर?"

"येती की. पर सा-सा म्हैनं लागत्यात." तो टॅब परत घेतो, दुसरी मेंढी शोधतो, तिसरा ठोकळा उचलतो. भाची त्याला बिछाना कसा जोडायचा ते बोटाने दाखवते. तीन फळ्या, त्यावर तीन लोकर, आणि बिछाना तयार. तो त्याच्याकडे बघत राहतो. त्याला अजिबात पटलेलं नाही.

"तीन लोकरीत गादी झाली व्हय? अगं, इतक्यात घोंगड्याचा कोपराबी हुणार न्हाई."

"मग किती लागतात?" मैत्रीण विचारते. तिने फोन बाजूला ठेवला आहे आणि ती सरकून जवळ बसली आहे.

"एका घोंगड्याला? थांब, सांगतो," तो म्हणतो आणि बोटांवर मेंढ्या मोजायला लागतो.